सात हजारांचं गहाणखत

माझी नात लातूरला आठवीत शिकते. मागच्या दिवाळीत ती भालकीला आली, तेव्हा पाठीवर एक लांबलचक पिशवी होती. मला वाटलं, सतार-बितार शिकायला लागली की काय. पिशवी उघडली तर आत तलवार! म्हणजे तलवारीसारखी एक बारीक लवचिक काडी, टोकाला बोंड बसवलेलं, मुठीजवळ वाटीएवढी ढाल. त्याला फॉईल म्हणतात म्हणे. शाळेत तलवारबाजीचे सर आलेत, पोरगी जिल्ह्याला खेळून आली, पुढं राज्याला जायचं आहे. डावखुरी आहे आमची, लहानपणी तिला उजव्या हातानं जेवायला लावताना मी किती रागावले असेन. सर म्हणतात, या खेळात डावऱ्याचा फायदाच असतो.

अंगणात तिनं मला दाखवलंसुद्धा. गुडघे वाकवून पुढं-मागं सरकायचं आणि एकदम झेप घेऊन समोरच्याच्या छातीला टोक टेकवायचं. टोक लागलं की तारेतनं यंत्राला कळतं आणि दिवा लागतो. रक्ताचा थेंब नाही. पण त्यासाठी तोंडावर जाळीचा मास्क, जाड पांढरं जाकीट, त्यावर धातूच्या धाग्याचं बिनबाह्यांचं दुसरं जाकीट, एका हाताचा मोजा, तारा, आणि मोडतात म्हणून दोन-तीन फॉईल. शाळेचं सामान सगळ्यांत मिळून वापरायचं, राज्याला स्वतःचं लागतं. यादी तिच्या वडिलांच्या हातात दिली तर तो बराच वेळ बोललाच नाही. महिन्याच्या पगाराच्या वर जाणारी रक्कम होती.

आमच्या स्वाध्याय मंडळात ही गोष्ट मी बोलून गेले. एक जाऊबाई लगेच म्हणाल्या, "काकू, आपल्यात तलवार कशी चालंल? अहिंसा कुठं गेली मग?" दुसरी म्हणाली, "आणि एवढे पैशे? पोरीच्या खेळावर?" पहिल्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर होतं. भरत आणि बाहुबलीचं भांडण पेटलं तेव्हा मंत्र्यांनी काय सुचवलं? सैन्यं समोरासमोर उभी होती, हजारो माणसं मेली असती. तेव्हा ठरलं की दोघा भावांनीच लढायचं, दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध. नजरेला नजर, पाण्याचे सपकारे, आणि कुस्ती. हार-जीत होईल, पण जीव जाणार नाही. बाहुबलीच्या मूर्तीला हात जोडणाऱ्यांनी कुस्तीला किंवा बोंड लावलेल्या फॉईलला हिंसा म्हणावं का, असं मी विचारलं. जाऊबाई गप्प झाल्या. पटलं म्हणून की वाद नको म्हणून, देव जाणे.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र उत्तर नव्हतं. पैसे. मी व्यापाऱ्याच्या घरात आले. सासऱ्यांचं कापडाचं दुकान. लाल कापडाच्या पुठ्ठ्याची रोजमेळाची वही आणि खतावणी मी लग्नानंतर शिकले. सासरे म्हणायचे, माणूस काय बोलतो ते ऐकू नको, त्यानं कुणाच्या नावे किती टाकलंय ते बघ. तेव्हापासून इतिहास वाचताना मला हीच खोड लागली आहे. लढाई कुणी जिंकली हे सगळे सांगतात, खर्च कुणी केला हे कुणी सांगत नाही. म्हणून मी शोधायला बसले, की आपल्या मराठी बोलणाऱ्यांत पहिल्यांदा ऑलिंपिकला कोण गेलं आणि त्यांचे पैसे कुणी भरले.

तलवारबाजीत आपलं कुणी जुनं सापडलं नाही. सापडलं ते मातीतलं आणि रस्त्यावरचं.

१९२० साली बेल्जियममध्ये अँटवर्पला ऑलिंपिक झालं. त्याआधी पुण्यात डेक्कन जिमखान्यावर मैदानी स्पर्धा व्हायच्या. अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. त्यांनी तिथं शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळताना पाहिली आणि त्यांना वाटलं की हा वेग घेऊन ही पोरं ऑलिंपिकला गेली पाहिजेत. टाटांनी धडपड केली, स्वतःचे पैसे घातले, लोकांकडनं वर्गणी मागितली, आणि सहा जणांचा संघ बोटीनं निघाला. त्यात आपल्या सीमाभागातलाच एक होता, बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले. मॅरेथॉन पळाला, एकोणिसावा आला, दोन तास पन्नास मिनिटं. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षाही लांब होती, पावणेत्रेचाळीस किलोमीटर. युरोप तोवर कधी न पाहिलेला पोरगा एकोणिसावा! त्याच संघातले पैलवान रणधीर शिंदे चौथे आले, ब्राँझची कुस्ती हरले. ही दोन नावं आमच्या पोरांच्या पुस्तकात मला तरी दिसली नाहीत. टाटांचं नाव दिसतं, आणि ते असायलाच हवं. पण वहीला दोन बाजू असतात.

त्याच अँटवर्पला, त्याच उन्हाळ्यात, इटलीच्या लिव्होर्नो गावचा नेदो नादी नावाचा तलवारबाज एकट्यानं पाच सुवर्णपदकं घेऊन गेला. बायकांना तेव्हा ऑलिंपिकच्या तलवारबाजीत प्रवेशच नव्हता. तो चार वर्षांनी पॅरिसला मिळाला, तोही फक्त फॉईलपुरता. लिव्होर्नो हे नाव लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्या माणसाकडं येते. खाशाबा दादासाहेब जाधव. सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर म्हणून गाव आहे, तिथं १५ जानेवारी १९२६ ला जन्म. पाच भावांत धाकटा. वडील पैलवान, त्यामुळं घरात तालमीचं वळण. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण. उंचीनं लहान, वजनानं हलका. कोल्हापूरला राजाराम कॉलेजात गेला तर त्या अंगलटीकडं बघून याला कुस्तीत घेतच नव्हते, असं सांगतात. प्राचार्य खर्डेकरांनी सांगितलं तेव्हा नाव लागलं. मग आखाड्यात उतरला आणि एकामागून एक पाडत सुटला. त्याचा हुकमी डाव ढाक, म्हणजे समोरच्याची मान काखेत अडकवून त्याला अंगावरनं फेकायचा. ताकद कमी असली तरी चालते, वेळ साधता आली पाहिजे.

कुस्तीबद्दल मला फार कळतं असं नाही. आमच्याकडं जत्रेत फड लागतो, नारळावरनं सुरू होतो आणि संध्याकाळी मोठ्या बक्षिसाची कुस्ती. आम्ही बायका माडीवरनं बघायचो, पदर डोक्यावर घेऊन, आणि खालनं कुणी वर बघितलं की आत सरायचो. पण एवढं कळतं की मातीतली कुस्ती वेगळी आणि ऑलिंपिकची गादीवरची वेगळी. मातीत पाय रुततो, गादीवर तो घसरतो. इथं पाठ लागली की संपलं, तिथं गुण मोजतात. १९४८ साली खाशाबा लंडनला गेला तेव्हा तो गादीवर नवखा होता. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन पैलवानानं त्याला तिथं शिकवलं. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या मल्लांना त्यानं हरवलं, इराणच्या मल्लाकडनं हरला, आणि बावन्न किलोच्या गटात सहावा आला. स्वतंत्र भारताचं ते पहिलंच ऑलिंपिक.

त्या खेपेचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला होता.

इथं जरा थांबते. लंडनचं ते ऑलिंपिक जुलै-ऑगस्ट १९४८ मधलं. तेव्हा आमचा बिदर आणि गुलबर्गा जिल्हा भारतात नव्हताच, निजामाच्या राज्यात होता. रझाकारांचे दिवस. माझ्या आजेसासूबाई सांगायच्या, भालकीच्या आसपासची कितीतरी माणसं रातोरात गाडी जुंपून सोलापूर-बार्शीकडं गेली. त्या स्वतः गेल्या तेव्हा पाटल्या आणि एकदाणी गोधडीच्या अस्तरात शिवून नेली. गोधडी पोराच्या अंगावर आणि पोर मांडीवर. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, मग परत आल्या. येताना एकदाणी नव्हती. "काय झालं तिचं?" विचारलं की म्हणायच्या, "खाल्ली." तीन महिने सात माणसांनी ती एकदाणी खाल्ली. बाई म्हणजे घराची बँक, असं म्हणायची पद्धत आहे. पण बँकेला निदान पावती द्यावी लागते.

तर, कोल्हापूरच्या महाराजांनी पैसे दिले ते १९४८ ला. पुढच्याच वर्षी, मार्च १९४९ मध्ये, कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. पैलवान पोसायची, तालमीला दूध-बदाम द्यायची, बाहेर खेळायला पाठवायची जी दरबारी रीत होती ती संपली. संपायलाच हवी होती, आमच्या निजामाचं गेलं तेव्हा आम्ही काय रडलो नाही. पण जुनी पेढी बंद झाली आणि नवी अजून उघडायची होती, त्या मधल्या फटीत खाशाबा जाधव सापडला. मला त्याच्या आयुष्याचा हा भाग पदकाहून मोठा वाटतो, आणि लोक नेमका हाच घाईनं सांगतात.

१९५२ ला हेलसिंकीला ऑलिंपिक होतं, फिनलंडमध्ये. या वेळी खाशाबा सत्तावन्न किलोच्या गटात. निवड व्हायलाच अडचण आली. मद्रासच्या स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला असं त्याचं म्हणणं होतं. तो गप्प बसला नाही. पतियाळाच्या महाराजांपर्यंत दाद मागितली. कलकत्त्याला पुन्हा कुस्ती झाली आणि त्यानं ती जिंकली. नाव लागलं. पण नाव लागलं म्हणजे तिकीट मिळालं असं नाही. जायचे पैसे ज्याचे त्यानं उभे करायचे. सरकारकडं विनंती केली, पुरेसं काही हाती आलं नाही. मग गोळेश्वर आणि कराडच्या लोकांनी घरोघर वर्गणी काढली. दुकानदारांनी दिलं, शेतकऱ्यांनी दिलं. तरी कमी पडत होते.

तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं राहतं घर गहाण ठेवलं. सात हजार रुपये उचलले आणि आपल्या माजी विद्यार्थ्याच्या हातात दिले.

सात हजार. १९५२ चे. आमच्या दुकानात त्या काळात वहीत एखाद्या शेतकऱ्याच्या नावे शंभर रुपये दिसले तरी सासरे भुवया उंचवायचे, असं ते स्वतःच सांगायचे. घर गहाण टाकणारे लोक मी पाहिलेत. लग्नासाठी टाकतात, दवाखान्यासाठी टाकतात, बी-बियाण्यासाठी टाकतात. दुसऱ्याच्या पोरानं परदेशात कुस्ती खेळावी म्हणून घर गहाण टाकणारा माणूस मी ऐकला नव्हता. ना सोयरा ना नात्यातला. आणि मला, बाई म्हणून, एक विचारावंसं वाटतं: त्या घरात ज्या बाई राहत असतील, त्यांना त्या दिवशी काय वाटलं असेल? कागदावर सही प्राचार्यांची. पण घर म्हटलं की चूल आली, कोठी आली, तुळशीचा कट्टा आला. त्यांचं म्हणणं कुठं लिहिलेलं मला मिळालं नाही, तेव्हा मी काही जोडून सांगत नाही. नुसतं विचारून ठेवते.

हेलसिंकीला काय झालं ते पुष्कळांना माहीत आहे, पण तरी सांगते. खाशाबानं कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या पैलवानांना हरवलं. मग जपानचा शोहाची इशी समोर आला. ती कुस्ती पंधरा मिनिटं चालली, दोघंही दमून गेले, आणि खाशाबा एका गुणानं हरला. नियमाप्रमाणं दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती द्यायला हवी होती. पण त्याला लगेच पुढच्या कुस्तीला बोलावलं, समोर रशियाचा ममदबेयोव. "थांबा, आमच्या माणसाला विसावा द्या," एवढं सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. खाशाबाला भांडण्यापुरती परकी भाषा येत नव्हती. तो तसाच उभा राहिला आणि हरला. इशीला सुवर्ण मिळालं, जपानचं त्या ऑलिंपिकमधलं ते एकुलतं एक सुवर्ण. ममदबेयोवला रौप्य. खाशाबाला ब्राँझ. तारीख २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. दुसरं मिळायला चव्वेचाळीस वर्षं गेली, १९९६ ला, लिअँडर पेसला टेनिसमध्ये.

घर गहाण ठेवून पाठवलेल्या माणसाच्या बाजूनं अर्धा तास मागायला कुणी नव्हतं, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून आत स्वयंपाकघरात गेले. आपल्याकडं लग्नात असंच होतं. पोरीच्या बापानं कर्ज काढून सगळं उभं केलेलं असतं आणि ऐन वेळी त्याच्या बाजूनं एक शब्द बोलायला मांडवात कुणी नसतं.

परत आला तेव्हा मात्र गाव विसरलं नाही. कराड स्टेशनावर ढोल-लेझीम, फटाके, आणि एकशे एक्कावन्न बैलगाड्यांची मिरवणूक. पंधरा मिनिटांच्या वाटेला सात तास लागले म्हणतात. ज्यांनी वर्गणी दिली होती तेच गाड्या जुंपून आले होते. आपले पैसे बघायला आले, असं आमचे सासरे म्हणाले असते, आणि त्यात वाईट काही नाही.

आणि मग त्यानं जे केलं ते माझ्या व्यापारी डोक्याला फार भावलं. त्यानं कोल्हापुरात कुस्त्या भरवल्या, स्वतः लढला, जिंकला, आणि आलेला पैसा खर्डेकरांना नेऊन दिला, घर सोडवायला. ऑलिंपिकचं पदक गळ्यात घालून आलेला माणूस पुन्हा मातीत उतरला तो कर्ज फेडायला. नावे टाकलेली रक्कम जमेला आली, पान बंद झालं. सत्कारावर सत्कार घेत फिरला असता तर कुणी बोट दाखवलं नसतं.

पुढचं आयुष्य मात्र सरळ नाही. १९५५ ला मुंबई पोलिसात फौजदार म्हणून नोकरी. पोलिसांच्या स्पर्धा जिंकला, पोरांना शिकवलं, पण बढतीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागलं. सहायक पोलीस आयुक्त होऊन निवृत्त झाला. पेन्शनसाठीही खेटे घालावे लागले. गोळेश्वरच्या घराला त्यानं ‘ऑलिंपिक निवास’ नाव दिलं होतं. १९८२ ला दिल्लीत एशियाड झालं तेव्हा मशाल हातात घेऊन पळण्याचा मान मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात गेला, वय अठ्ठावन्न. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो मेल्यानंतर सोळा वर्षांनी. दिल्लीत कुस्तीच्या स्टेडियमला नाव दिलं ते २०१० ला. मुनी असोत की मल्ल, हयातीत पाणी विचारायचं नाही आणि नंतर संगमरवर बसवायचा, ही आपली सगळ्यांचीच रीत. आमच्याकडंसुद्धा अभिषेकाच्या बोलीला लाखाचा आकडा सहज जातो, आणि समाजातल्या एखाद्या पोरीच्या फीसाठी पाच हजार गोळा करायचे तर तीन बैठका लागतात. कुणाला बोचलं तर बोचू दे, मी त्या बैठकांना बसलेली आहे.

हेलसिंकीच्याच संघात पहिल्यांदा चार मुली होत्या: नीलिमा घोष, मेरी डिसूझा, डॉली नझीर आणि आरती साहा. आरती तर अवघी अकरा वर्षांची, पोहायला गेलेली. वांद्र्याच्या मेरीला धावायला जायचं होतं तर तिच्या ओळखीच्या लोकांनी नाचाचा कार्यक्रम आणि पत्त्यांचे डाव ठेवून पैसे जमवले. एकाचं घर, एकीचे पत्ते. आमच्या मंडळात पत्त्यांचं नाव काढलेलं चालत नाही, पण त्या पत्त्यांना मी नमस्कार करते.

आता नातीच्या खेळाकडं. ऑलिंपिकला गेलेली भारतातली पहिली तलवारबाज म्हणजे चेन्नईची भवानी देवी. देवळातल्या पुजाऱ्याची पोर. २००४ ला शाळेत खेळ निवडायचा होता. बाकीच्या खेळांच्या जागा भरलेल्या, तलवारबाजीत जागा होती, म्हणून घेतली. सुरुवातीला बांबूच्या काठ्यांनी सराव, खरं हत्यार फक्त स्पर्धेपुरतं. तिचा प्रकार सेबर, ज्यात टोकाबरोबर धारेनंही मारता येतं. बायकांसाठी तो ऑलिंपिकमध्ये आला तोच मुळी २००४ ला. चौदाव्या वर्षी तुर्कस्तानला पहिली परदेशी स्पर्धा, तिथं तीन मिनिटं उशीर झाला म्हणून काळं कार्ड दाखवून बाहेर काढलं. आणि तिला पाठवायला पैसे कुठनं आले? आईनं दागिने गहाण टाकले. पुढं ती इटलीत प्रशिक्षक निकोला झानोत्तींकडं शिकायला राहिली, लिव्होर्नोला, त्या नेदो नादीच्या गावात. २६ जुलै २०२१ ला टोकियोत तिनं ट्युनिशियाच्या मुलीला पंधरा-तीननं हरवलं आणि फ्रान्सच्या मानों ब्रुनेकडनं पंधरा-सातनं हरली. एक जिंकली, एक हरली. तिच्याआधी आपल्याकडचं कुणी त्या पट्टीवर उभंच राहिलं नव्हतं.

हे सगळं मी वहीत उतरवत होते तेव्हा नात मागनं येऊन वाकून बघत होती. "काय लिव्हायलीस गं आज्जी? हिशोब?"

"हिशोबच म्हण."

"माझा?"

मी तिला खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली. सात हजार, अर्धा तास, बैलगाड्या. तिला बैलगाड्यांपेक्षा त्या अर्ध्या तासाचाच जास्त राग आला. "त्यानं पंचाला हात का नाही दाखवला? आमच्यात हात वर करून थांबा म्हणता येतं." मग जरा वेळानं म्हणाली, "मी जिंकले की फेडीन बरं का." तेरा वर्षांची पोर. मी म्हटलं, जिंकली नाहीस तर? ती विचारात पडली. मला वाटतं या प्रश्नाला माझ्याकडंही तयार उत्तर नव्हतं. खाशाबा हरून आला असता तर खर्डेकरांचं घर सुटलं असतं का? जिंकलेल्याच्या कर्जाच्या गोष्टी होतात. जे हरून आले त्यांच्यासाठी कुणी-कुणी काय-काय गहाण टाकलं, ते कुठंच लिहिलेलं नाही.

पाटल्या माझ्या आजेसासूबाईंच्याच, गोधडीतनं आलेल्या. विकायच्या नाहीत असं सून म्हणाली, आणि मलाही ते पटलं. "आई, गहाण ठेवू, मी दर महिन्याला भरते," म्हणाली. मुलगा काही बोलला नाही, गाडी मात्र त्यानंच काढली. बँकेत गेलो. काउंटरवरच्या पोरानं पाटल्या तोलल्या, दगडावर घासल्या, आणि फॉर्म भरायला घेतला.

"कर्ज कशासाठी काकू? शेती?"

"नाही."

"लग्न आहे? दवाखाना?"

"तलवारीसाठी," मी म्हटलं.

त्यानं वर बघितलं, माझ्या पांढऱ्या केसांकडं बघितलं, सुनेकडं बघितलं. मग त्यानं ‘इतर’ लिहिलं.

सामान आलं आठ दिवसांनी. सगळं बरोबर आहे, फक्त मोजा उजव्या हाताचा पाठवलाय. पोरगी डावखुरी. तो परत करून दुसरा मागवलाय, राज्यस्पर्धेच्या आधी यायला पाहिजे.